डॉ. दत्ता सामंत, देवबाग ते दिल्ली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मालवण तालुक्यात अशी वाडी सापडणार नाही जिथल्या एका तरी घरातला माणूस मुंबईच्या गिरणीत राबला नाही. म्हणून डॉ. दत्ता सामंतांचं नाव निघालं की इथे प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी असतं, आणि नव्या पिढीकडे विचारायला. कॉलेजातली मुलं विचारतात, मुंबईत जन्मलेली नातवंडं गणपतीला आली की विचारतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी एका गिरणी कामगाराचा मुलगा आहे, आणि ते उत्तरांत जाणवेल.

डॉ. दत्ता सामंत कोण होते, थोडक्यात सांगाल का?

पेशाने डॉक्टर, कामाने कामगार पुढारी, आधी आमदार आणि नंतर खासदार. पूर्ण नाव दत्तात्रय नारायण सामंत. जन्म २१ नोव्हेंबर १९३२, मृत्यू १६ जानेवारी १९९७. १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाचं नेतृत्व त्यांनी केलं. त्यानंतर १९८४ साली मुंबई दक्षिण मध्य मतदारसंघातून ते अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. कामगारांत ते सगळ्यांचे 'डॉक्टर' होते.

ते खरंच आमच्या देवबागचे?

हो, मूळ देवबागचे. त्यांचा जन्म झाला तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता. हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी, म्हणजे संपाच्या जेमतेम साडेआठ महिने आधी.

देवबाग न पाहिलेल्यांसाठी सांगतो. तारकर्लीवरून पुढे गेलात की जमीन चिंचोळी होत जाते. एका हाताला दर्या, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी, मध्ये माडांच्या बागा आणि घरं. पावसाळ्यात उधाण आलं की दोन्ही बाजूंनी पाणी जवळ येतं. आज तिथे पर्यटकांची गर्दी असते, पण त्या काळात रापण (किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी), माड आणि थोडं भात यांवर घर चालवणं अवघड होतं. ज्याला शिकायचं असे तो मुंबईला जाई आणि ज्याला शिकता येत नसे तोही मुंबईलाच जाई. पहिला कॉलेजात, दुसरा गिरणीत, एवढाच फरक.

एक गल्लत टाळा. आजच्या स्थानिक राजकारणात याच नावाचे दुसरे एक गृहस्थ आहेत. इथली माहिती त्यांची नव्हे.

वैद्यकीय शिक्षण कुठे झालं?

परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे केईएम रुग्णालयाला जोडलेल्या कॉलेजात. तिथून ते एमबीबीएस झाले. हे कॉलेज ऐन गिरणगावात आहे. केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात लालबाग, परळ, शिवडी, काळाचौकी इथली माणसं येत, आणि त्यांतली कितीतरी रत्नागिरी-मालवणकडची असत. पुढे ज्या माणसांसाठी त्यांनी आयुष्य घातलं, ती माणसं शिकाऊ वयातच त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

दवाखाना सोडून ते युनियनकडे कसे वळले?

त्यांनी घाटकोपरला साधा जनरल प्रॅक्टिसचा दवाखाना सुरू केला. त्या पट्ट्यात तेव्हा दगडाच्या खाणी होत्या आणि खाणकामगार हे त्यांचे रुग्ण होते. दिवसभर दगड फोडणारा, धूळ ओढणारा, अर्धपोटी माणूस. पिळवणूक इतकी की औषधाला पैसे उरायचे नाहीत. साठच्या दशकात सामंतांनी या माणसांची संघटना बांधायला घेतली.

यात मला डॉक्टरकीचाच भाग दिसतो. दगडाच्या धुळीने छाती निकामी झाली की ती पूर्ववत करणारं औषध नाही. खोकल्याची बाटली देता येते, पण थोडं बरं वाटलं की माणूस परत त्याच खाणीत उतरतो. अशा वेळी प्रामाणिक डॉक्टरने काय करावं? एक तर डोळे मिटून बाटल्या देत राहावं, नाहीतर खाणमालकाच्या दारात जावं. सामंत मालकाच्या दारात गेले.

पुढे इंजिनिअरिंग, मोटार, रसायन अशा कारखान्यांतले कामगार त्यांच्याकडे आले. ठाणे-बेलापूर पट्टा, कुर्ला, विक्रोळी, सगळीकडे त्यांच्या युनियनचे फलक लागले. घाटकोपरच्या पंतनगरातलं त्यांचं कार्यालय हा कामगारांचा पत्ताच झाला.

ते आधी काँग्रेसमध्ये होते हे खरं का?

खरं आहे. ते काँग्रेसमध्ये आणि काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेत होते आणि १९७२ साली विधानसभेवर निवडून गेले. तरीही आणीबाणीत, १९७५ साली, त्यांना तुरुंगात टाकलं. पक्षातला माणूस असूनही सरकारला ते धोक्याचे वाटले. सुटून आल्यावर त्यांच्या मागे येणारे कामगार वाढले होते. पुढे गिरण्यांतल्या ज्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाशी त्यांची झुंज झाली, तो संघही इंटकचाच.

त्यांची पद्धत इतर पुढाऱ्यांपेक्षा वेगळी होती म्हणजे काय?

बाकीचे पुढारी वाटाघाटीला बसताना कंपनीचा ताळेबंद घेऊन बसत. नफा किती, तोटा किती, मग पगारवाढ किती झेपेल. सामंत ताळेबंदाला फारसं महत्त्व देत नसत. माणसाला जगायला काय लागतं, तिथून त्यांची मागणी सुरू व्हायची. टीकाकार याला आडमुठेपणा म्हणत. मला त्यात दवाखान्याची सवय दिसते. डॉक्टर आधी रोग्याची नाडी बघतो, त्याच्या घरमालकाचा हिशेब नव्हे. या पद्धतीने अनेक कारखान्यांत घसघशीत पगारवाढ मिळाली हे त्यांचे विरोधकही मान्य करतात. पण लांबलेल्या लढ्यांत काही कारखाने बंद पडले, माणसं रस्त्यावर आली, आणि त्यांच्या आंदोलनांत हिंसाही झाली. हे लपवून त्यांची आठवण काढणं मला पटत नाही.

गिरणी कामगार त्यांच्याकडे का गेले? त्यांची तर स्वतःची युनियन होती.

प्रश्नाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

मुंबईच्या कापड गिरण्यांना १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. या कायद्यानुसार एका भागातल्या एका उद्योगात एकच युनियन 'प्रातिनिधिक' ठरे. किमान २५ टक्के कामगार सभासद आहेत असं दाखवता आलं की तो दर्जा मिळे. मग मालकाशी बोलणार ती, करार करणार ती, बाकीच्यांना टेबलावर जागा नाही. हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे वर्षानुवर्षं होता. कामगारांचा विश्वास उडाला तरी कायद्याच्या कागदावर तीच त्यांची युनियन.

दुसरी गोष्ट, 'बदली'. हा शब्द आमच्या घरांत रोजचा होता. बदली कामगार म्हणजे रोज पाळीच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं. कायम कामगाराने खाडा केला असेल तर आत घेतील, नाहीतर परत खोलीवर. माणसं दहा-दहा वर्षं बदलीवर राहिली. गावात मात्र 'आमचो झील गिरणीत आसा' असं अभिमानाने सांगितलं जाई.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत काम बंद पडलं. कामगारांचे जथे घाटकोपरला सामंतांकडे गेले आणि आमचं नेतृत्व करा म्हणाले. इतर कारखान्यांतल्या कामगारांना डॉक्टरने काय मिळवून दिलं ते त्यांनी ऐकलं होतं. सरसकट संपाची घाई करू नये, सुरू आहे त्या संपाचं काय होतं ते आधी पाहावं, असं सामंतांचं म्हणणं होतं. कामगार थांबायला तयार नव्हते. संप त्यांनी कामगारांवर लादला असं सर्रास सांगितलं जातं, तेव्हा हा क्रम ध्यानात ठेवावा.

मागण्या होत्या पगारवाढीच्या, भत्त्यांच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या. आणि सगळ्यांच्या बुडाशी, आमची युनियन आम्हाला निवडू द्या.

संप नक्की कधी सुरू झाला आणि कधी संपला?

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठच्या आसपास गिरण्या. त्याच महिन्यात राज्यात मुख्यमंत्री बदलले: बॅरिस्टर अंतुले गेले, बाबासाहेब भोसले आले. अंतुले आपल्याच कोकणातले, रायगडमधल्या आंबेतचे. ऑगस्टमध्ये मुंबईत पोलिसांचंच आंदोलन पेटलं. सरकार आणि मालक मात्र प्रातिनिधिक युनियन सोडून दुसऱ्या कोणाशी बोलायला तयार झाले नाहीत.

संपला कधी, याला तारीख नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. दीड वर्षाच्या सुमारास तो विरत गेला. कोणी कामावर परतलं, कोणाला परत घेतलं नाही, कोणाची गिरणीच उघडली नाही. लाखभर माणसांची नोकरी गेली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं.

कोकणातल्या गावांवर संपाचा काय परिणाम झाला?

हे मी घरातलंच सांगतो.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते. राहायचे गावकऱ्यांच्या खोलीत. एका खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, जेवण खानावळीत. मी तेव्हा चौथीत होतो. दर महिन्याला पोस्टमन यायचा, ओट्यावर बसून थुंकी लावत नोटा मोजायचा, आई अंगठा द्यायची आणि मनिऑर्डरच्या फॉर्मची खालची चिठ्ठी फाडून तो माझ्या हातात द्यायचा. चिठ्ठीवर बाबांच्या चार ओळी असायच्या. 'आजीचे औषध आणावे. दुकानदाराचे अर्धे द्यावे.' त्या चिठ्ठ्या वाचून मी जोडाक्षरं शिकलो.

फेब्रुवारीत मनिऑर्डर आली नाही. मार्चातही नाही. आजी पाणंदीकडे बघत विचारायची, "पोस्टमन इलो काय रे?" शिमग्याला बाबा एसटीतून उतरले ते पत्र्याची ट्रंक घेऊनच. ट्रंक आली म्हणजे माणूस चार दिवसांसाठी आलेला नाही, हे आईला न सांगता कळलं.

त्या वर्षी आमच्या वाडीत भाताच्या लावणीला पुरुष माणसं होती. एरवी लावणी बायकांनीच उरकायची. शेजारच्या म्हाताऱ्यांना त्याचंही कौतुक वाटलं होतं. पण खाणारी तोंडं वाढली आणि पैसा आटला. सकाळी पेज, दुपारी कुळथाची पिठी आणि भात, सुकी मासळी जपून. आई दुसऱ्याच्या शेतात मोलाने जाऊ लागली. माझ्या मोठ्या बहिणीची शाळा सातवीत सुटली ती सुटलीच.

मुंबईत संप इतका लांबला त्याचं एक कारण हे गाव होतं. कोकण, सातारा, पुणे, कोल्हापूर इकडच्या कामगारांना निदान पाठ टेकायला जागा आणि खायला भात होता. मालकांना वाटलं होतं दोन-तीन महिन्यांत पोटं रिकामी होतील. ती झाली नाहीत, कारण ती इथे भरली जात होती. बहुतेक पुस्तकांत संपाचा हिशेब मुंबईपुरता मांडतात. कोकणातल्या बायकांनी तो संप किती महिने पोसला, याची नोंद मला कुठे सापडली नाही.

आणखी एक. बाबांना खोकला होता. सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, असं ते सांगत. कापसाच्या बारीक धुळीने होणारा हा आजार, बिसिनोसिस त्याचं नाव. कायद्याने तो कामामुळे होणारा, भरपाईस पात्र आजार मानला आहे. बाबांना ती भरपाई मिळाली नाही. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हातात पडायलाही कित्येक वर्षं गेली.

मग सामंतांनीच गिरण्या बुडवल्या, असं म्हणायचं का?

मी तसं म्हणणार नाही. जुनी यंत्रं मालकांनी कित्येक वर्षं बदलली नव्हती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते आणि संपाच्या काळात गिरण्यांची कामं तिकडेच वळली. गिरणीखालच्या जमिनीचा भाव गिरणीतल्या कापडापेक्षा वाढत चालला होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या केल्या आणि २००१ मध्ये त्या नियमात बदल झाल्यावर तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले.

सामंतांची चूकही सांगितली पाहिजे. एका कारखान्यात जे चालतं ते साठ गिरण्यांत, केंद्र सरकार समोर ठाकलेलं असताना, चालत नाही. माघारीची वाट त्यांनी ठेवली नाही. थकलेल्या फौजेला सन्मानाने मागे आणणं हेही सेनापतीचं काम असतं, आणि ते झालं नाही.

बाबांना मी एकदा थेट विचारलं होतं. ते म्हणाले, "डॉक्टरान आमका फसवूक नाय. तो विकलो गेलो नाय." एवढंच. नोकरी गमावलेल्या माणसाचं हे मत आहे, म्हणून मी ते इथे ठेवतो.

संप फसला, तरी ते खासदार कसे झाले?

कारण गिरणगावाने तो संप त्यांचा एकट्याचा मानलाच नव्हता. डिसेंबर १९८४ ची निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. देशभर सहानुभूतीची लाट, काँग्रेसला चारशेच्या वर जागा. अशा वेळी मुंबई दक्षिण मध्यमधून एक अपक्ष डॉक्टर निवडून आला.

आणि याच निवडणुकीत आमच्या राजापूर मतदारसंघाने, ज्यात मालवणही होतं, प्रा. मधु दंडवते यांना पुन्हा लोकसभेत धाडलं. आधीचे समाजवादी खासदार बॅ. नाथ पै यांच्या मतदारसंघाची ती परंपरा त्या लाटेतही टिकली. गावात म्हातारी आई दंडवत्यांना मत देते आणि परळच्या चाळीत तिचा मुलगा सामंतांना. एकाच घराने त्या लोकसभेत दोन माणसं बसवली, असं मी अभिमानाने सांगतो. एक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, दुसरा डॉक्टर.

लोकसभेत त्यांनी काय साधलं?

अपक्षाच्या हातात तिथे फार काही नसतं. बोलायला मिळणारा वेळ पक्षाच्या संख्येवर ठरतो, आणि त्यांच्यामागे पक्ष नव्हता. त्यांच्या कारकिर्दीत दोन मोठ्या गोष्टी घडल्या, दोन्ही १९८५ च्या. जूनमध्ये नवं वस्त्रोद्योग धोरण आलं, ज्यात तग धरू न शकणाऱ्या गिरण्या बंद होऊ देण्याची वाट होती. त्याच वर्षी आजारी उद्योगांबाबतचा कायदा झाला. 'आजारी' हा शब्द सरकारने कारखान्यासाठी वापरला. ज्या डॉक्टरने उभी हयात आजारी माणसं पाहिली, तो या सभागृहात बसला होता आणि संख्याबळ समोरच्या बाकांवर होतं. त्यांचं खरं काम फाटकावरच्या सभेत होत असे, असं मला वाटतं. दिल्ली त्यांची जागा नव्हती.

१९८९ मध्ये काय झालं?

ते हरले. शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. गिरणगावातली तरुण मुलं तोवर सेनेकडे वळली होती, आणि बापांची नोकरी गेल्यावर त्यांना गिरणीच्या राजकारणात काही उरलेलं दिसत नव्हतं.

त्यांचा मृत्यू कसा झाला?

१६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी ते पवईच्या घरून गाडीने पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले होते. घरापासून थोड्याच अंतरावर मारेकऱ्यांनी गाडी अडवून गोळ्या झाडल्या; सतरा गोळ्या. नव्वदच्या दशकात ते खाजगीकरणाविरुद्ध आणि गिरण्यांच्या जमिनींच्या प्रश्नावर लढत होते. संपाला पंधरा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. अंत्ययात्रेला कामगार लोटले. काही आरोपींना पुढे शिक्षा झाली. गुंड छोटा राजनवरचा खटला बरीच वर्षं चालला आणि २०२३ मध्ये विशेष न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं.

बाबांनी ती बातमी रेडिओवर ऐकली. ते उठले, परसात गेले आणि संध्याकाळपर्यंत माडांच्या बुंध्याभोवतीची आळी साफ करत राहिले. त्या दिवशी आळी साफ करायची गरज नव्हती.

आमचे आजोबा गिरणीत होते. घरात जुने कागद आहेत, ठेवायचे का?

जरूर ठेवा. गिरणी कामगारांना घरं देण्याच्या योजनेत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस धरले आहेत. ही तारीख संपाच्या सतरा दिवस आधीची आहे हे बघा. गिरणीचं तिकीट, म्हणजे नंबर असलेलं ओळखपत्र, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पीएफची (प्रॉव्हिडंट फंडाची) चिठ्ठी, पगाराची पावती, असं काहीही सापडलं तरी पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकमध्ये घाला. आमच्या कौलारू घरात ट्रंकेतल्या कागदांना वाळवी लागली आणि बाबांच्या तिकिटावरचा शेवटचा आकडा गेला. तो तीन आहे की आठ, हे शोधायला मला मुंबईला चार खेपा घालाव्या लागल्या.